पहिली गिटार बनवणाऱ्यांसाठी: लाकडाच्या आधी काय शिकायचं

गिटार बनवायला शिकू पाहणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. लाकूड कोणतं घेऊ? ब्रेसिंगचा, म्हणजे फळीला आतून चिकटवायच्या आधारपट्ट्यांचा, कुठला नमुना चांगला? किटपासून (तयार भागांच्या संचापासून) सुरुवात करू की सगळं स्वतः कापू? अवजारं काय काय लागतील? आणि जरा ओळख वाढली की हळूच विचारलं जातं, यावर पोट भरतं का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. लाकूड हलक्या प्रतीचं होतं म्हणून पहिली गिटार फसली, असं क्वचित होतं. दमट हवेत चिकटवलेली फळी, मिलीमीटरभर चुकलेली मान आणि बोथट पटाशी, बहुतेक पहिल्या गिटारी इथे गार होतात. त्यामुळे सगळ्यांची उत्तरं देतो, पण माझ्या क्रमाने.

लाकडाचा विषय आधी उरकून टाकू. तो डोक्यातून गेल्याशिवाय बाकीचं कानात शिरत नाही. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्याच्याकडून आला तो स्पेनचा कारागीर आंतोनियो दे तोर्रेस. त्याने १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. लाकूड ठेवलं फक्त वरच्या फळीला. त्याला जे दाखवायचं होतं ते त्यात आलं: आवाज प्रामुख्याने वरची फळी घडवते. अलीकडे, २०१८ साली, इंग्लंडमधल्या संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष छापले. एकसारख्या आराखड्याच्या सहा गिटारी, वेगळं होतं ते फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड. ५२ वादकांनी त्या काळे गॉगल लावून, मंद उजेडात वाजवल्या. दुर्मीळ ब्राझिलियन रोझवुड आणि साधं महोगनी यांच्या पसंतीत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मी काही रोझवुडचा शत्रू नाही. ते देखणं आहे, वाकतं छान, ठोकल्यावर घंटेसारखं वाजतं. पण पहिल्या गिटारीत त्याच्यावर पैसा घालवू नका. शिवाय ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, आणि २०१७ मध्ये बाकीच्या बहुतेक सगळ्या रोझवुडवरही परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

वरच्या फळीच्या बाबतीत मात्र चोखंदळ व्हा. स्प्रूस असो की सीडर (वरच्या फळीला वापरतात ती दोन लाकडं), जातीपेक्षा काप महत्त्वाचा. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वार्षिक वलयं पृष्ठाशी काटकोनात उभी दिसली पाहिजेत. दुसरी गोष्ट नवशिक्याला कोणी सांगत नाही: वलयं सरळ दिसली तरी आतले तंतू पृष्ठाला तिरके जात असू शकतात. अशी फळी कमजोर असते आणि रंधा मारताना एका दिशेने उचकटते. ओळखायचं कसं? पुस्तकासारख्या उघडून जोडलेल्या दोन अर्ध्या फळ्या खिडकीच्या उजेडात धरा आणि उलटसुलट फिरवा. एक बाजू उजळ, दुसरी काळपट दिसली आणि फिरवल्यावर ती अदलाबदल झाली, तर तंतू तिरके आहेत. थोडं असेल तर चालतं. फारच असेल तर ती फळी पाठीच्या आतल्या पट्ट्यांना वापरा.

आता दमटपणा. पहिल्या गिटारीच्या आधी मी कोणालाही एकच वस्तू घ्यायला सांगतो, ती म्हणजे चांगला आर्द्रतामापक. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. ४०० मिलीमीटर रुंद स्प्रूसच्या फळीतला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की ती साधारण अर्धा मिलीमीटर आकसते. हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आली तर लाकडातला ओलावा सात-आठ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे हिशेब तीन-चार मिलीमीटरच्या घरात गेला. या फळीवर तुम्ही आडव्या ब्रेसेस चिकटवल्या आहेत. त्या आपल्या लांबीत आकसणार नाहीत. फळीला आकसायचंय, ब्रेस तिला सोडत नाही, आणि कोरड्या दिवसांत एका सकाळी ब्रिजच्या (तारा जिथे फळीला अडकतात त्या लाकडी तुकड्याच्या) खालपासून कडेपर्यंत सरळ चीर गेलेली दिसते.

उलट दिशेचं नुकसान सौम्य असतं. कोरड्या हवेत जोडलेली गिटार दमट हवेत गेली तर वरची फळी थोडी फुगते, तारा उंच होतात, वादक कुरकुर करतो, पण काही तुटत नाही. म्हणून नियम असा: फळ्या आणि ब्रेसेस ४० ते ५० टक्के आर्द्रतेत आठवडाभर मुरू द्या आणि त्याच हवेत चिकटवा. अख्खी खोली कोरडी ठेवणं जमत नसेल तर एक कपाट किंवा मोठी पेटी, आत छोटा बल्ब आणि मापक, एवढ्यावर काम होतं. चिकटवण्याच्या दिवशी बाहेर पाऊस असेल तर दुसरं काहीतरी करा. कामांची कमतरता कधीच नसते.

अवजारांची यादी मोठी करण्यात मजा असते हे कबूल, पण हाताला लागतात थोडीच: एक छोटा रंधा, दोन-तीन पटाश्या, बारीक दातांची करवत, स्क्रॅपर, सरळ पट्टी, गुण्या, जाडी मोजायचं कॅलिपर आणि जमतील तितके क्लॅम्प. यात सरळ पट्टी खरोखर सरळ हवी. ती तपासायला पट्टीच्या कडेने बारीक रेघ ओढा, पट्टी उलटवून त्याच दोन टोकांवर पुन्हा ओढा. दोन रेघांच्या मध्ये पोकळी दिसली तर पट्टी परत करा. आणि आठवडाभर फक्त धार लावायला शिका. पटाशीची मागची बाजू आरशासारखी सपाट झाल्याशिवाय पुढच्या उताराला हात लावू नका, कारण धार म्हणजे या दोन पृष्ठांची गाठ, आणि एक पृष्ठ खडबडीत राहिलं तर दुसरं कितीही घासून फायदा नाही. स्प्रूसच्या टोकाकडचे तंतू चिरडले न जाता स्वच्छ, चकचकीत कापले गेले, की समजा धार झाली. चिरडलेले तंतू पांढरट आणि भुरकट दिसतात.

बाजू वाकवणं हे सगळ्यात धास्तीचं काम समजलं जातं. खरं तर ते दोन दिवसांत हातात बसतं. गरम नळीचं तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं. पाण्याचा थेंब टाकला तर तो चरचरत पळाला पाहिजे. बाजू २ मिलीमीटर किंवा किंचित कमी जाडीला आणलेली असावी आणि तिची जाडी सगळीकडे सारखी असावी, कारण जिथे पातळ तिथेच ती मोडते. पट्टी ओलसर करून नळीवर टेकवा आणि वाट पाहा. दाबू नका, फक्त हाताचं वजन राहू द्या. काही सेकंदांनी लाकूड एकदम सैल पडल्याचं बोटांना कळतं. लाकडाच्या पेशींना बांधून ठेवणारं लिग्निन त्या क्षणी मऊ झालेलं असतं. तेवढ्यात वाकवा, हवा त्यापेक्षा थोडं जास्तच, आणि थंड होईपर्यंत तसंच धरा, कारण सोडल्यावर ते थोडं परत फिरतं. नवशिका मोडतो तो कमरेच्या वळणावर, आणि नेहमी याच कारणाने: उष्णतेचं काम तो मनगटाकडून करून घेतो.

ब्रेसिंगबद्दल इतकं गूढ पसरलंय की वाचून वाचून माणूस हातात रंधा घ्यायचाच थांबतो. इतिहास छोटा आहे. तोर्रेसने नायलॉनच्या, म्हणजे त्या काळी आतड्याच्या, तारांच्या गिटारला पंख्यासारख्या सात पट्ट्यांची पद्धत पक्की केली. अमेरिकेत १८४० च्या दशकात एक्सच्या आकाराची ब्रेसिंग आली आणि पुढे पोलादी तारांचा ताण सोसायला ती चपखल ठरली. पहिल्या गिटारीसाठी यातलं जे तुमच्या तारांना लागू पडतं ते घ्या आणि आराखड्यात दिलंय तसंच करा. स्वतःची ब्रेसिंग शोधण्याचा मोह पाचव्या गिटारीपर्यंत आवरा.

त्यापेक्षा एक गणित समजून घ्या, ते आयुष्यभर पुरतं. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून ब्रेस हलकी करताना कडा घासून फार काही साधत नाही. माथ्यावरून एक ढलपी काढली की फरक पडतो. फळीलाही हेच लागू. ३ मिलीमीटरची २.७ केली, म्हणजे जाडी फक्त १० टक्के कमी झाली, पण ताठपणा २७ टक्क्यांनी घसरला. आराखड्यातली जाडी त्या कारागिराच्या त्या फळीची असते. स्प्रूसच्या दोन फळ्या एकाच जाडीला आणल्या तरी एक पुठ्ठ्यासारखी लवचीक आणि दुसरी चांगलीच कडक निघू शकते. त्यामुळे मिलीमीटरच्या जोडीला वाकही मोजा: फळी दोन टेकूंवर ठेवा, मधोमध ठरावीक वजन ठेवा, डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या तबकडीवर) किती वाकली ते वहीत लिहा. लांबीतून एकदा, रुंदीतून एकदा. सोबत फळीचं वजन. तीन गिटारींनंतर ही वही तुम्हाला कुठल्याही गुरूपेक्षा जास्त सांगेल.

फळीला टकटक करून ऐकण्याबद्दल हमखास विचारतात. ऐका जरूर, पण सूर शोधू नका. ठोक्यानंतर नाद किती वेळ रेंगाळतो आणि ब्रेस तासत गेल्यावर तो कसा खोल होत जातो, याकडे कान ठेवा. फळीवर चहाची कोरडी पूड पसरून खाली स्पीकर लावला की ठरावीक सुरांना सुंदर नक्षी उमटते. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचाच हा वारसा. बघायला विलक्षण आहे. पहिल्या गिटारीला त्याचा उपयोग मात्र जवळजवळ शून्य, कारण तुलना करायला तुमच्याकडे मागची नक्षीच नसते.

आता मान. माझ्या मते गिटार बनवण्यातलं सगळ्यात कठीण काम हेच, आणि याबद्दल विचारणारे सगळ्यात कमी. पोलादी तारांच्या गिटारीत मान धडाला किंचित मागे झुकवून बसवतात. तपासायची रीत अशी: फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेल्या फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या तारा दाबायच्या फळीवर, सरळ पट्टी मधोमध ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. सॅडल (ब्रिजवर उभी बसणारी, तारा टेकतात ती पट्टी) नसलेल्या ब्रिजच्या माथ्याला तिने जेमतेम स्पर्श करून जायला हवं. ती माथ्याच्या खाली, ब्रिजच्या अंगावर आपटली तर तारा फार उंच राहतील आणि सॅडल घासून घासून नाहीसा होईल. माथ्याच्या बरीच वरून गेली तर सॅडल फार उंच करावा लागेल आणि तो ब्रिजला पुढे ओढून फोडेल.

चूक सापडली तर दुरुस्ती किती? समजा तारांची लांबी ६४५ मिलीमीटर आहे आणि मान चौदाव्या फ्रेटला धडाला मिळते. तिथून सॅडलपर्यंत सुमारे २८७ मिलीमीटर. मानेच्या टाचेची (धडाला टेकणाऱ्या, खाली उतरलेल्या जाड भागाची) उंची ९० धरली तर ब्रिजपाशी पट्टी १ मिलीमीटर वर न्यायला टाचेच्या टोकावरून फक्त ०.३ मिलीमीटर काढायचे, आणि वरच्या बाजूला जाताना ते शून्यावर आणायचे. पॉलिश पेपरचे दहा-बारा हलके ओढे, एवढंच ते काम असतं. म्हणूनच मी पहिल्या गिटारीला बोल्टने जोडायची मान सुचवतो. पक्ष्याच्या शेपटीसारखा पसरट, पारंपरिक कुसू-साल (डव्हटेल) सांधा मलाही प्रिय आहे, पण तो दहादा काढून घालता येत नाही. आणि मान मागे झुकवतानाच ती डावी-उजवीकडे सरळ आहे ना हेही बघा. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी दोरा ताणला तर तो फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावरून गेला पाहिजे. क्लासिकलचा हिशेब वेगळा असतो, तिथे मान मागे नव्हे तर अगदी किंचित पुढे असते. दोन आराखडे मिसळू नका.

मानेच्या आत बसवलेल्या दांड्याचा, ट्रस रॉडचा, इथे काही संबंध नाही, तरी लोक त्याने तारा खाली आणायला बघतात. गिब्सन कंपनीसाठी त्याचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं, ते मानेचा बाक आवरण्यासाठी. पोलादी तारांचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो आणि त्याखाली मान पुढे वाकते. रॉडने हा बाक ०.१ ते ०.३ मिलीमीटरवर आणायचा, बस. तारांची उंची मानेचा कोन आणि सॅडल ठरवतात.

फ्रेटच्या जागा काढायला उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागतात. ६५० मिलीमीटरला पहिला फ्रेट ३६.४८ वर येतो आणि बारावा बरोबर ३२५ वर. पूर्वीचे कारागीर १८ ने भागत. त्याने बारावा फ्रेट अडीच मिलीमीटर अलीकडे पडतो. सगळी मापं एकदम काढून घ्या आणि प्रत्येक खूण नटपासूनच (मानेच्या वरच्या टोकाच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपासूनच) मोजा. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर छोट्या चुका एकावर एक चढतात. सॅडल मात्र हिशेबाच्या जागेच्या थोडा मागे बसतो, कारण दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर चढतो. पोलादी तारांना साधारण २ ते ५ मिलीमीटर, जाड तारांकडे जास्त. म्हणून तो तिरका असतो.

चिकटवण्यासाठी जनावरी सरस की पिवळा वुड ग्लू? सरस साधारण ६० अंशांवर गरम ठेवावा लागतो, आणि लावल्यावर मिनिटभरात तो जमू लागतो. आधी क्लॅम्प लावून रंगीत तालीम केली नसेल तर तुमची तारांबळ उडणार. पण एकदा सुकला की ताणाखाली सरकत नाही, आणि उष्णता-पाण्याने पुन्हा उघडतो, म्हणजे पुढच्या दुरुस्तीवाल्याचे आशीर्वाद मिळतात. पिवळा ग्लू सोपा, मजबूत आणि पहिल्या गिटारीला पूर्ण योग्य. ग्लू कुठलाही असो, सांध्यातली फट भरायचं काम त्याला देऊ नका. ब्रिजखालचं पॉलिश पूर्ण खरवडून लाकडाला लाकूड चिकटवा, आणि ब्रिजचा तळ वरच्या फळीच्या फुगीरपणाशी जुळवून घ्या. ब्रिज उखडून आलेल्या गिटारींपैकी बऱ्याच जणींच्या तळाशी पॉलिशची एक गोंडस चौकट दिसते.

पॉलिशबद्दल फार लिहीत नाही. पहिल्यांदा चपडा लाख वापरा. पातळ बसते, विषारी वास नाही, आणि बिघडली तर स्पिरिटने पुसून पुन्हा सुरू करता येते. नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश फवारायला वेगळी, हवेशीर आणि ठिणगीपासून दूर जागा लागते. रोझवुडच्या भुशाने पुष्कळांना अंगावर पुरळ येतं किंवा दम लागतो आणि हा त्रास प्रत्येक वेळी वाढत जातो, तेव्हा मास्क पहिल्या दिवसापासून.

किटचं विचाराल तर मी मधला रस्ता सांगतो. आराखडा विकत घ्या, खाचा मारलेला फिंगरबोर्डही हवा तर घ्या, पण बाजू स्वतः वाकवा, ब्रेसेस स्वतः तासा आणि मान स्वतः जुळवा. आणि दुसरी गिटार पहिल्यासारखीच करा. हे कोणालाच आवडत नाही. पहिली झाली की लगेच कटअवे (मानेजवळ खाच दिलेलं धड), बारा तारा, सात तारा सुरू होतं. पण आकार, लाकूड, ब्रेसिंग सगळंच बदललं तर आवाज कशाने बदलला हे कळायला मार्ग उरत नाही.

दुसरं, जुन्या मोडक्या गिटारी दुरुस्त करा. आरसा आणि दिवा घेऊन आत बघा. कुठली ब्रेस सुटते, फळी ब्रिजच्या मागे फुगून पुढे कशी खचते, चीर कुठून सुरू होते, हे सगळं तिथे उघडं पडलेलं असतं. पोटाचं उत्तरही यातच आहे. नव्या गिटारीला गिऱ्हाईक मिळायला वर्षं जातात, तोवर घर चालतं ते फ्रेट घासण्यावर, नट बदलण्यावर आणि सेटअपवर, म्हणजे तारांची उंची वगैरे बसवून देण्यावर. ज्यांना दुरुस्ती कमी प्रतीचं काम वाटतं ते सहसा टिकत नाहीत.

शेवटी तारा चढवण्याबद्दल, कारण इथे घाई होते. नटच्या खाचा आधी मुद्दाम उथळ ठेवा. मग एकेक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेटमध्ये जेमतेम दिसेल इतकीच फट हवी, कागदाइतकी. नवशिक्यांच्या गिटारीत इथे हमखास जास्त फट असते, म्हणून खालचे कॉर्ड बेसूर लागतात आणि दोष बिचाऱ्या फ्रेटच्या मापांना जातो. पूर्ण ताण आल्यावर पहिल्या काही दिवसांत वरची फळी वर येते, मान थोडी वाकते, तारांची उंची बदलत राहते. तोवर सॅडल थोडा उंचच राहू द्या. दोन आठवड्यांनी, त्याच ४०-५० टक्के आर्द्रतेत, आधी रॉडने मानेचा बाक ठरवा, मग सॅडल तळातून घासत बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २.४ आणि पातळ तारेखाली १.८ मिलीमीटरवर आणा. नायलॉनला हेच ४ आणि ३ धरा. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलीमीटर उतरवायचा तर सॅडलवरून पूर्ण एक काढावा लागतो, हे घासायला बसण्याआधी पेन्सिलने सॅडलवरच आखून ठेवा.